सोललेल्या झाडांचा उतार

ऐन झान,
ता. १२ नोव्हेंबर १९९४

चि. मबरूकास,
वहिनीचे अनेक सलाम व आशीर्वाद. वि. वि.

त्या सकाळी मी मातीची तबूना भट्टी पेटवून तिच्या भिंतीला पहिल्या चार भाकऱ्या थापल्या होत्या, गाढवाला पाणी दाखवलं होतं, कोंबड्यांखालची अंडी ओच्यात घेतली होती, आणि तुझा भाऊ लझहर उंबऱ्यावर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. जुलैचा महिना. त्यानं विचारलं की मीठ कुठं ठेवलंयस. मी म्हटलं, अडतीस वर्षं जिथं ठेवते तिथंच. तो हसला आणि मीठ न घेताच गेला. दुपारी मी भाकरी घेऊन उतारावर गेले तेव्हा ओकची झाडं बुंध्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत सोलून झाली होती, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरांसारखी लालसर. सोललेल्या सालीचे, म्हणजे बुचाचे, तक्ते दगडांखाली दाबून ठेवले होते. बाकी काही घडलं नाही. तुला पत्र लिहायला बसले की हीच सकाळ का आठवते, मला कळत नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. अंगावर बूच असलं की वणवा झाडाला चाटून पुढं जातो. सोललेलं झाड उघडं असतं. महिन्याभरानं वणवा आला, शेजारच्या रानातली झाडं काळी झाली पण वसंतात फुटली, आपल्या उतारावरचं एकही फुटलं नाही. ते बघायला लझहर राहिला नाही, तेवढं बरं झालं असं मी लोकांना सांगते. मला स्वतःला ते बरं वाटत नाही.

आता बातमी. वनखात्याच्या कचेरीतून सी बशीर आले होते. चांगला माणूस आहे, बूट दारात काढतो. म्हणाले की तुमच्या उताराची माती पावसाबरोबर धरणात जाते आहे, तो झाकायला हवा. एक तर कचेरी यंत्रानं चर खणून निलगिरी लावील आणि तीस वर्षं तो उतार सांभाळील. नाहीतर तुम्ही स्वतः तुमची झाडं लावा. चारशे जागा आखून देतो. १९९७च्या ऑक्टोबरात मोजणी. तिसरा हिस्सा जागांवर झाड जिवंत दिसलं तर उतार तुमचा, नाहीतर निलगिरी. मी म्हटलं, ओक लावीन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की घरात आणखी कोण आहे. मी गाढवाचं नाव सांगितलं.

अर्धा उतार तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुझी संमती कळव. लावायला ओकची बोंडं मी गोळासुद्धा केली. सिदी मसऊदच्या दर्ग्यातल्या ओकांवर कुणी कधी कुऱ्हाड चालवलेली नाही, तिथं मेणबत्ती लावून परवानगी मागितली आणि दोन पोती भरली. एकेक हातात घेऊन निवडलंय, किडकं एकही नाही. चुलीवरच्या बोरूच्या माळ्यावर पसरली आहेत, माझी आई ठेवायची तशी. धुरानं वाळून खणखणीत झाली आहेत. मुठीत घेतली की खुळखुळतात. फेब्रुवारीत पावसाची झड ओसरली की लावीन.

तुझ्या मोंजींना सलाम. तुझ्या गुडघ्याला काळं जिरं कुटून ऑलिव्हच्या तेलात लाव. डॉक्टरांना सांगू नकोस म्हणजे ते रागावणार नाहीत. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी वहिनी,
अलजिया


ट्युनिस,
ता. ३ जानेवारी १९९५

आदरणीय वहिनीस,
धाकट्या नणंदेचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र मोंजींनी दोनदा वाचलं. म्हणाले की तुझी वहिनी पन्नाशीनंतर एकटी वाचायला शिकली आणि अक्षर बघ, तू शाळेत जाऊन कोंबडीच्या पायांसारखं काढतेस. तेव्हापासून मी त्यांना चहात साखर कमी घालते.

संमती आहे. अंगठा नको, सही करून सोबत कागद पाठवते आहे. पण वहिनी, जरा विचार कर. ओकची सावली पडायला चाळीस वर्षं लागतात. तोवर तू पंच्याण्णव वर्षांची होशील, आणि तेव्हाही त्या सावलीत बसून भाकरी करपली म्हणून कुणाला तरी बोलत असशील. मी सात वर्षांची असताना तू नवरी होऊन आलीस आणि पहिल्याच दिवशी माझ्या केसांतल्या उवा काढल्यास. तुझ्या हट्टापुढं कुणाचं चालत नाही हे तेव्हाच कळलं होतं.

इकडं ये. मुलगा आणि सून इटलीला गेले. लग्नाच्या वेळी बांधलेली वरची खोली तेव्हापासून रिकामी आहे. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणतात. मी त्या खोलीत जात नाही. झाडायला बाई जाते. तू राहायला आलीस तर कदाचित जाईन.

उताराबद्दल मला फारसं लिहू नकोस. कोंबड्यांबद्दल लिही, शेजाऱ्यांच्या भांडणाबद्दल लिही. उताराचा विषय निघाला की मला जेवण जात नाही.

रागावू नकोस, आणि पूर्वीसारखीच माझी म्हणत राहा.

तुझी,
मबरूका


ऐन झान,
ता. १९ जून १९९५

चि. मबरूकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू नको म्हणालीस तरी उताराबद्दलच लिहिते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

फेब्रुवारीत चारशे जागी तीन-तीन बोंडं पुरली. मार्च गेला, एप्रिल गेला. शेजारच्या रमदानच्या बकऱ्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक जागेवर काट्यांची डहाळी ठेवली होती. विहिरीवर बायका म्हणायला लागल्या की अलजियानं काट्यांची शेती केली आहे, यंदा पीक चांगलं आहे. मीही हसले. मे महिन्यात राहवलं नाही, एक जागा उकरली. बोंडं होती तशीच होती. दुसरी उकरली, तिसरी उकरली. संध्याकाळपर्यंत साठ जागा उकरल्या. एकालाही मोड नाही. दाताखाली फोडलं तर आत करडं पीठ.

सी बशीर आले. मी माळा दाखवला, राहिलेली बोंडं दाखवली. ते आधी हसायला लागले, मग माझं तोंड बघून थांबले. म्हणाले की खाला, ओकचं बोंड वाळलं की मेलं. ते झाडावरून पडतं तेव्हा ओलं असतं, त्याच आठवड्यात मातीत घालायचं, नाहीतर ओल्या वाळूत ठेवायचं. धुरावर तुम्ही त्याला भाजूनच काढलंत.

मी त्यांना विचारलं की मग माझी आई का वाळवायची. विचारता विचारताच उत्तर कळलं. आई ते दळून भाकरी करायला वाळवायची. दुष्काळात ते पीठ तीन वर्षं टिकायचं. ओकचं बोंड कसं जपायचं हे आपल्या गावातल्या प्रत्येक बाईला येतं. मी सगळ्यांत जुन्या तीन म्हाताऱ्यांना जाऊन विचारलं, झाड यावं म्हणून बोंड कसं ठेवायचं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, झाडं काय लावायची असतात होय? ती असतातच. मला तिचा राग आला, पण आठ महिन्यांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं.

तर एक वर्ष गेलं. सर्वांत चांगली, निवडून काढलेली, दर्ग्यातली बोंडं मी माझ्या हातानं मारली, आणि रोज वर बघून खूश होत होते. कळव कुणाला तरी, हसतील.

नोव्हेंबरात पुन्हा लावीन, ओली. आता मोजणीला दोनच उन्हाळे राहतात.

लिहीत जा. तुझी पत्रं आली की दिवस जातो.

अलजिया


ऐन झान,
ता. ८ डिसेंबर १९९६

चि. मबरूकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मध्ये वर्षभर नुसती दोन-दोन ओळींची पत्रं पाठवली, म्हणून तू रागावून एकच ओळ पाठवलीस. बरोबर केलंस. आज मोठं लिहिते.

गेल्या वर्षी बोंडं पडली त्याच दिवशी गोणीत भरून, वर ओलं कापड टाकून सरळ उतारावर नेली. सगळी पुरून झाल्यावर चौथ्या दिवशी रानडुकरं आली आणि वरच्या बांधापासून नांगरल्यासारखी जमीन उकरून गेली. पुन्हा दर्ग्यात गेले, पुन्हा पुरली. या वेळी मस्तकीच्या झुडपांच्या मुळाशी घातली, जिथं डुकराला नाक खुपसता येत नाही आणि बकरीला तोंड. हे मला कुणी सांगितलं नाही. जुने ओक जिथं जिथं आपोआप आलेले दिसतात तिथं बुडाशी असंच झुडूप असतं, ते पाहून केलं. सी बशीरना सांगितलं तर म्हणाले, हे आमच्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, मग मागच्या वर्षी वाचून दाखवायचं होतंत.

मबरूका, एकशे नव्वद जागी झाड आहे. बोटाएवढं, सहा-सात पानं, पानांना काटे. एक उन्हाळा काढलाय त्यांनी. मी दर शुक्रवारी मोजते. रमदान म्हणतो की खाला शुक्रवारी नमाजाला बसावं तशी उतारावर बसते. तोच रमदान आता बकऱ्या वरच्या वाटेनं नेतो. वळसा पडतो, तरी नेतो. मी काही म्हटलं नव्हतं.

एकशे चौतीस लागतात. छप्पन्न जास्त आहेत. हे कुणाला मोठ्यानं बोलून दाखवायची भीती वाटते, म्हणून तुला लिहिते.

लझहरला जाऊन जानेवारीत तीन वर्षं होतील. फातिहा म्हण.

अलजिया


ट्युनिस,
ता. १६ फेब्रुवारी १९९७

आदरणीय वहिनीस,
सलाम. वि. वि.

तुझं डिसेंबरचं पत्र मी दोन महिने उशीखाली ठेवलं. उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं, असं चारदा. हे पाचवं आहे.

तू मोजत असतेस हे वाचून मला झोप येईना. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती भावानं तुला सांगितली नसणार, तो कधी कुणाचं कुणाला सांगायचा नाही.

एकदा सोलल्यावर पुन्हा बूच काढायला नऊ वर्षं व्हावी लागतात. त्या जुलैत सातच झाली होती. भाऊ म्हणत होता की दोन वर्षं थांबू. मी त्याला पत्र लिहिलं की मुलाचं लग्न ठरलंय, सुनेचे लोक शहरातले आहेत, वरची खोली बांधायला हवी, माझ्या अर्ध्या उताराचं बूच यंदाच काढ. त्यानं नाही म्हटलं. मी पुन्हा लिहिलं. त्यात असंही लिहिलं की बापाच्या मागं तू बापासारखं वागशील असं वाटलं होतं. त्यावर बुचाचे पैसेच आले. माझाच अर्धा कसा सोलायचा, म्हणून त्यानं सगळाच सोलला असेल. मग वणवा आला.

मी त्या खोलीत का जात नाही ते आता कळलं असेल. तू त्या उतारावर एकेक रोप मोजतेस आणि मी इथं त्या खोलीच्या खाली झोपते. मला शिव्या दे, पण गप्प राहू नकोस. आणि हे सगळं सोडून इकडं ये. मी तुझ्यासाठी वर जाऊन खिडक्या उघडीन.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
मबरूका


ऐन झान,
ता. ९ मार्च १९९७

चि. मबरूकास,
आशीर्वाद. वि. वि.

मला ठाऊक होतं.

तुझी पत्रं लझहर मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या वर्षीची दोन पत्रं वाचताना तो मध्येच थांबला आणि खोकला. एवढा खोकला त्याला नव्हता. तो गेल्यावर ती पत्रं पत्र्याच्या पेटीत सापडली. मी शेजारच्या मुलीचं जुनं पहिलीचं पुस्तक मागून आणलं. लोकांना वाटलं की अलजियाला दुःखात विरंगुळा हवाय. मी वाचायला शिकले ते तो कुठं खोकला हे बघायला. नऊ महिने लागले. पहिली वाचलेली गोष्ट तुझं दुसरं पत्र. एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचलं, म्हणून 'बापासारखं' हा शब्द यायला बराच वेळ लागला.

तेव्हा तू समोर असतीस तर काय केलं असतं सांगता येत नाही. मग नोव्हेंबरात तुला पहिलं पत्र लिहिलं, ते चौदा दिवस लिहीत होते. चौदा दिवसांत पुष्कळ काही लिहून खोडलं. शेवटी मीठ कुठं ठेवलंय ते राहिलं.

पण आता तू तुझं सांगितलंस, तर माझंही घे. त्यानं मला विचारलं होतं. तुझं नाव काढलं नाही, नुसतं विचारलं की अलजिया, यंदाच सोलू का, का थांबू. मी पीठ मळत होते. वरसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, सोल की, झाडं कुठं पळून जाणार आहेत! मला काही कारणही नव्हतं. त्याला एवढं विचारायचं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या सकाळी तो धार लावायला बसला.

तेव्हा तू एकटीच खोलीखाली झोपू नकोस. तुझा दोष मी घेत नाही आणि माझा तुला देत नाही, दोघींना पुरतील एवढे आहेत. इकडं उन्हाळ्यापूर्वी झुडपांखाली पालापाचोळा घालायचाय. यायचं तर मीच म्हणते, तू ये. तुझा गुडघा दुखत असेल तर बसून पाला भर.

वरच्या खिडक्या उघड. माझ्यासाठी नको, खोलीला कुबट वास लागतो म्हणून.

माया होती तशीच आहे.

अलजिया


ऐन झान,
ता. २ नोव्हेंबर १९९७

चि. मबरूकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मे महिन्यात आठ दिवस राहून गेलीस, ते बरं केलंस. तू पाला घातलेली रांग मी शेवटपर्यंत तुझ्या नावानं ओळखत होते.

ऑगस्टात वाळवंटाकडचा शहीली वारा सुटला. तुला आठवत असेल, लहानपणी तो दोन-तीन दिवस वाहायचा. या वेळी अकरा दिवस. दार धरलं तर हात भाजायचा. झऱ्याची धार बोटाएवढी झाली. मी आणि गाढव पहाटेपासून पाणी वाहत होतो. रमदानची बायकोही दोन दिवस आली. एका फेरीत वीस झाडांना ओंजळ-ओंजळ मिळायची आणि माती ती आवाज करून पिऊन टाकायची. सहाव्या दिवशी गाढव बसलं ते उठलं नाही. त्यानंतर मी डोक्यावरून नेलं. आठव्या दिवशी पानं हातात घेतली तर चुरा झाला.

मला वाटलं वरून वाळली असतील, मुळातून फुटतील. सप्टेंबरभर वाट पाहिली.

मोजणीला सी बशीर एकटेच आले. त्यांनी चारशेच्या चारशे जागा पाहिल्या. प्रत्येक काडीची साल नखानं खरवडून आत हिरवं आहे का बघितलं. मी मागून चालत होते. तळाला पोचल्यावर न विचारता पुन्हा वरपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदाही नऊच निघाली. म्हणाले की खाला, मी चुकून वीस लिहीन, तीस लिहीन, पण एकशे चौतीस कसे लिहू. मी म्हटलं, नऊच लिहा.

मग एक वाळलेलं झाड त्यांनी उपटून दाखवलं. मूळ माझ्या हाताएवढं लांब गेलं होतं, सरळ खाली. त्यांनी खड्ड्यात काठी घातली आणि आणखी वीतभर खालची माती वर काढली. ती ओली होती. म्हणाले की आणखी एक वर्ष मिळालं असतं तर तिथं पोचलं असतं. कुठलं वर्ष ते दोघांनाही माहीत होतं. चुलीवरच्या माळ्यावर गेलं ते.

त्या वीतभर खालच्या ओल्या मातीचा मी फार विचार करते. लझहर गेला तेव्हा इतका केला नव्हता. तेव्हा लोक होते, स्वयंपाक होता.

उरलेली नऊ हलवता येत नाहीत. ओकचं मूळ तुटलं की संपलं. यंत्र रेघ मारून चर खणतं, रेघेत येईल ते जाईल. मी कागदावर सही केली. तुझ्या सहीची जागाही, तू मे महिन्यात लिहून दिलेल्या संमतीच्या कागदावरून, मीच भरली, रागावू नकोस. काल यंत्र आलं. मी घरातच होते. आवाज दुपारी जेवायच्या वेळी थांबला आणि पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी जाऊन पाहिलं, उतार फणीनं विंचरल्यासारखा दिसतो. मी काही शोधलं नाही.

तू लिहिशील की आता तरी ये. मला ट्युनिसला काय करायचं ते सुचत नाही, आणि इथंही सुचत नाही. देवानं काय मनात धरलंय ते त्यालाच माहीत, मी विचारायचं सोडलं. मोंजींच्या चहात साखर नीट घाल. मला विसरू नकोस, मी तुला विसरत नाही.

तुझी वहिनी,
अलजिया

ता. क. टपालवाला आला नाही, म्हणून पत्र घरातच राहिलं, तर पुढचं लिहिते. दुसऱ्या दिवशी कचेरीची गाडी निलगिरीची रोपं आणि खालच्या गावातल्या बारा बायका घेऊन आली. त्या रोपं पिशवीसकट पुरत होत्या. मी फावडं घेऊन गेले, त्यांना पिशवी कशी फाडायची ते दाखवलं, आणि दिवस मावळेपर्यंत त्यांच्या रांगेत उभी राहून निलगिरीची सत्तर रोपं लावली.